मित्रकोळी एकट्याच्या बागेत राहत नाही

मंगरूळपीर तालुक्यातल्या ग्रामसभा, बाजार समिती, नगर परिषद आणि तालुका कृषी कार्यालय यांच्यापुढे ठेवण्यासाठी हे मुद्दे लिहिले आहेत. विषय आहे डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक जीव. तो बागेत टिकला तर फवारणीचा खर्च वाचतो, मजुराची तब्येत वाचते आणि संत्र्याची साल स्वच्छ राहते. तो टिकवणं मात्र एकेकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. म्हणून हा सार्वजनिक मुद्दा.

१. आपल्या बागांत दोन तऱ्हेचे कोळी राहतात आणि आपण दोघांनाही एकाच पंपाने मारतो.

घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारे कोळी वेगळे, हे त्यांच्याहून कितीतरी लहान. पहिल्या तऱ्हेचे कोळी रस शोषतात. संत्र्याच्या हिरव्या फळावर बसणारा कोळी लांबट, निमुळता, पिवळसर आणि जेमतेम ०.१५ मिलिमीटरचा असतो. कोळ्यांना आठ पाय असतात असं आपण शिकलो, याला मात्र चारच. भिंगाशिवाय तो दिसत नाही. त्याने सालीतल्या पेशी फोडून रस घेतला की ती जागा तपकिरी, खरखरीत होते, आणि मग बागवान म्हणतो, फळांवर लाल्या आला. आतला गर बहुतेक वेळा चांगलाच असतो, पण व्यापारी साल पाहून भाव करतो. पानांवर राहणारे कोळी याहून थोडे मोठे. त्यांच्यामुळे पानं पांढुरकी, निस्तेज होतात.

दुसऱ्या तऱ्हेचे कोळी या पहिल्यांना खातात. शास्त्रात त्यांचं कुळ फायटोसेइडी. अंग अर्ध्या मिलिमीटरहून लहान, चकचकीत, एका बाजूला फुगीर, पाय लांब. पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या कडेने ते दडून बसतात आणि पान उलटलं की झरझर पळतात. कीडकोळी सुस्त असतो, मित्रकोळी चपळ. शेतात ओळखायला एवढी खूण पुरेशी आहे. भारतात भाजीपाल्यापासून फुलशेतीपर्यंत सापडणारी त्यांची एक जात म्हणजे निओसेयुलस लॉंजिस्पिनोसस. युसियस या वंशातल्या जाती फळझाडांवर राहतात आणि कीड नसेल तेव्हा परागकण खाऊन दिवस काढतात. पुढे तेराव्या मुद्द्यात ही परागकणांची गोष्ट लागणार आहे, म्हणून ती इथेच सांगून ठेवतो.

२. मित्रकोळ्याला डोळे नसतात. तो वासावर शिकार शोधतो, आणि हा वास झाड स्वतः सोडतं.

नेदरलँड्समधले मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके यांनी १९८०च्या दशकात घेवड्याच्या झाडांवर हे दाखवून दिलं. रसशोषक कोळी पानाला लागला की झाडाच्या अंगात बदल होतो, ते विशिष्ट वायुरूप द्रव्यं हवेत सोडू लागतं, आणि परभक्षी कोळी त्या दिशेने वळतो. निरोगी झाडाकडे तो तसा वळत नाही. कीड लागलेल्या झाडाने बोलावलं आणि खाणारा आला, असा हा लाखो वर्षांचा बंदोबस्त आहे. आपण तारखेवर फवारणी करतो तेव्हा बोलावलेला पाहुणा दारात पोचायच्या आत मरतो.

त्याची भूकही लहान नाही. सगळ्यात जास्त अभ्यासलेली जात फायटोसेयुलस परसिमिलिस. तिची एक मादी दिवसाला पाचेक प्रौढ कोळी किंवा वीसेक अंडी फस्त करते. अंड्यापासून प्रौढ व्हायला उबदार हवेत तिला आठवडाभर पुरतो, म्हणजे ज्या किडीवर ती जगते तिच्याइतक्याच किंवा अधिक वेगाने ती वाढते. म्हणून परभक्षी थोडे जरी शिल्लक असले तरी काही आठवड्यांत ते किडीला गाठतात. एकही शिल्लक नसेल, तर गाठणार कोण?

३. फवारणीने कोळी वाढतो. ऐकायला उलटं वाटतं, पण जगभरच्या बागांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट, डेल्टामेथ्रिन या कुळातली औषधं काळी माशी, सायला, अळी यांच्यासाठी मारली जातात. परभक्षी कोळ्यांवर ती अत्यंत घातक ठरतात, तर रसशोषक कोळ्यांवर त्यांचा परिणाम बेताचाच होतो. खाणारा मेला, खाल्ला जाणारा उरला. शिवाय परभक्षी परत यायला उशीर लागतो, कारण आधी त्याच्या अन्नाची म्हणजे किडीची संख्या वाढावी लागते. तोवर पानं पांढरी पडलेली असतात, आणि आपण कोळीनाशकाची बाटली आणायला निघतो. इमिडाक्लोप्रिडनंतरही कोळी भडकल्याची नोंद अनेक पिकांत झालेली आहे.

लिंबूवर्गीय फळांच्या इतिहासातली याबद्दलची सगळ्यात मोठी शिकवण कॅलिफोर्नियाची आहे. तिथल्या संत्रा-मोसंबीच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीने मरणपंथाला लागल्या होत्या. १८८८-८९ मध्ये अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून वेडालिया नावाचा छोटा लाल-काळा भुंगा पाठवला आणि दोनेक वर्षांत ती कीड आटोक्यात आली. पुढे पन्नासेक वर्षं बागा सुरक्षित होत्या. मग १९४०च्या दशकात डीडीटी आलं. लोकांनी ते दुसऱ्या किडींसाठी मारलं, भुंगे मेले आणि विसरली गेलेली खवले कीड पुन्हा उसळली. डीडीटी बंद करून भुंगे पुन्हा सोडले तेव्हा कुठे ती परत दबली.

डीडीटीपासूनच बनणारं डायकोफॉल हे आपल्याकडे कित्येक वर्षं कोळ्यांवरचं ठरलेलं औषध होतं. २०१९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं आणि २०२३च्या आदेशाने भारतातही त्यावर बंदी आली. एक औषध गेलं की दुसरं येतं, पण कीडही स्वस्थ बसत नाही. दोन ठिपक्यांचा लाल कोळी जगभरात नव्वदहून अधिक औषधघटकांना दाद देईनासा झाला आहे. औषध बदलत राहणं हा मार्ग संपत आलेला आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

४. हा या टिपणाचा मुख्य मुद्दा: मित्रकोळी एकट्याच्या बागेत राहत नाही.

तो चालत झाडावरून झाडावर जातो, आणि अन्न संपलं की वाऱ्यावर स्वार होऊन पलीकडच्या बागेत उतरतो. कीडकोळीही तसाच पसरतो. वनोजा-शेलूबाजार पट्ट्यात बागेला बाग लागून आहे. तिथे एका शेतकऱ्याने संयम ठेवला आणि चारही बाजूंच्या धुऱ्यांवरून पंपाचा फवारा आला, तर त्याच्या संयमाला अर्थ राहत नाही. शेजाऱ्याची कीड त्याच्याकडे येते आणि त्याचे मित्रकोळी शेजारच्या औषधाने मरतात. गावविहिरीत एकाने घाण टाकली तर पाणी सगळ्यांचंच जातं, तसा हा प्रकार आहे.

म्हणूनच "शेतकऱ्यांनी जागरूक व्हावं" एवढ्या उपदेशाने काही होणार नाही. जागरूक शेतकरी आजही आहेत, आणि तेच सगळ्यात आधी तोट्यात जातात. निर्णय पट्ट्याचा व्हायला हवा: सलग असलेल्या बागांचे मालक एकत्र बसून अमुक महिन्यांत अमुक औषध कुणीच वापरायचं नाही असं ठरवतील तेव्हाच काही होईल. पाणी वाटून घ्यायला, पांदण रस्ता काढायला गाव एकत्र बसतं. यासाठीही बसू शकतं.

५. "आमच्या उन्हात टिकणार का?" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर टाळता कामा नये.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडीठाक असते. परदेशातल्या काचगृहांत गाजलेला परसिमिलिस इथे उपयोगाचा नाही. तिशीच्या वर तापमान गेलं की त्याचा जोर ओसरतो, आणि हवेतला ओलावा कमी असेल तर त्याची अंडी सुकून जातात. तेव्हा उद्या कुणी महागडी परदेशी बाटली घेऊन आलं आणि "हे सोडा, कोळी संपला" म्हणालं, तर तालुक्याने तिच्यामागे धावू नये. बाहेरचा जीव देशात आणायला सरकारी परवानगी आणि विलगीकरण लागतं, आणि ते योग्यच आहे.

आपल्याला हव्यात इथल्याच जाती. त्या या उन्हाळ्यातून पिढ्यानपिढ्या तरून आलेल्या आहेत. भर उन्हातही ओलिताच्या बागेत, दाट पानोळ्याच्या आत हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट राहते. तिथे, झाडाखालच्या गवतात, सालीच्या फटीत त्या उन्हाळा काढतात आणि पावसाळा लागला की वाढतात. आंब्या बहाराची फळं मोठी होत असतात ती याच पावसाळ्याच्या दिवसांत. म्हणजे मित्रकोळी बाहेरून आणण्याआधी, जे आहेत ते उन्हाळ्यात मारले जाऊ नयेत एवढं जरी आपण पाळलं तरी निम्मी लढाई जिंकली.

६. तुरीच्या वांझ रोगावर मित्रकोळी हा उपाय नाही. तो रोग एक अतिसूक्ष्म कोळी विषाणू नेऊन पसरवतो हे खरं, पण तिथे इलाज बियाण्यात आहे: बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेले बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ यांसारखे प्रतिकारक वाण. कोळी म्हटला की परभक्षी कोळी सोडा, असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

७. फळावरच्या लाल्याचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हिरसुटेला नावाची बुरशी. पावसाळी हवेत ती या कोळ्यांना रोग लावून मारते. फ्लोरिडातल्या बागांत असं दिसलं की तांब्याची औषधं वारंवार फवारली की ही बुरशी मरते आणि कोळी वाढतो. डिंक्यासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावणं चालूच राहावं, त्याचा इथे संबंध नाही. फळकुजीसाठी विद्यापीठाने सांगितलं तर तांब्याची फवारणीही करावी. नुसत्या सवयीने करू नये, एवढंच.

८. हे इतरांना जमलं आहे, आणि जमलं ते एकत्र येऊन.

नेदरलँड्समध्ये यान कोपर्ट नावाचा काकडी पिकवणारा शेतकरी होता. रासायनिक औषधांचा त्याच्या तब्येतीला त्रास होऊ लागला, म्हणून त्याने परभक्षी कोळी वापरून पाहिले आणि १९६७ मध्ये ते वाढवून इतर शेतकऱ्यांना पुरवायला सुरुवात केली. आज जगातल्या सगळ्यात मोठ्या जैविक नियंत्रण कंपन्यांमध्ये त्याच्या कंपनीची गणना होते. या धंद्याचं मूळ प्रयोगशाळेत नसून एका शेतकऱ्याच्या आजारपणात आहे, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

स्पेनमधल्या अल्मेरियाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. हजारो छोट्या शेतकऱ्यांचा तो प्लास्टिकच्या शेडखाली भाजी पिकवणारा जिल्हा. २००६च्या अखेरीस तिथल्या ढोबळी मिरचीत परवानगी नसलेल्या कीटकनाशकाचे अंश जर्मनीत सापडले आणि मोठ्या दुकानांनी माल नाकारायला सुरुवात केली. त्या धक्क्याने सहकारी संस्था, खरेदीदार आणि सरकार एका टेबलावर आले. फुलकिडे आणि पांढरी माशी खाणारा स्विर्स्की कोळी सोडायला लागले, आणि दोन-तीन हंगामांत जवळपास सगळी ढोबळी मिरची या पद्धतीवर आली. एवढ्या वेगाने हे झालं, कारण सगळ्यांनी एकदम केलं. शेजाऱ्याच्या फवारणीची भीतीच उरली नाही.

आणि श्रीलंका. नारळाच्या फळावर बसणारा सूक्ष्म कोळी १९९०च्या दशकाच्या अखेरीस श्रीलंकेत, केरळात आणि मग आपल्या कोकणातही आला. माडावर चढून फवारणी करणं अवघड आणि महाग. श्रीलंकेच्या सरकारी नारळ संशोधन संस्थेने निओसेयुलस बाराकी हा तिथलाच परभक्षी कोळी वाढवण्याची पद्धत बसवली आणि तो माडांवर सोडला. आपल्यासारखेच लहान शेतकरी, आणि पुढाकार सरकारी संस्थेचा. मंगरूळपीरसाठी नमुना घ्यायचा तर मी अल्मेरियाच्या आधी श्रीलंकेचा घेईन.

९. महाराष्ट्राला हे नवं नाही. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. शेवटी तो आटोक्यात आला तो डायफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांमुळे. साखर कारखाने, वसंतदादा साखर संस्था आणि कृषी विद्यापीठं यांनी ते जपायला आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायला लोकांना शिकवलं. उसाच्या मागे कारखाना उभा होता, म्हणून ते झालं. संत्र्याच्या मागे आपल्याकडे असं कोण उभं आहे, हा प्रश्न बाजार समितीने स्वतःला विचारावा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाच्या कागदाने लाल्या हटत नाही.

१०. मजूर.

२०१७च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. आपल्याकडची माणसं त्याच पट्ट्यात मजुरीला जातात आणि तिकडची इकडे येतात. पाठीवरच्या पंपातून गळणारं औषध शर्टात मुरतं, उन्हात मास्क लावून श्वास घेववत नाही, आणि संत्र्याच्या झाडाला फवारताना नळी डोक्याच्या वर धरावी लागते, त्यामुळे तुषार चेहऱ्यावर येतात. प्रत्येक टाळलेली फवारणी ही कुणाच्या तरी शरीरावरची टाळलेली फवारणी आहे. जैविक नियंत्रणाच्या बाजूने मला दुसरं कारण नसतं तरी एवढं पुरलं असतं.

शहरातल्या लोकांनीही हा शेतकऱ्यांचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. मंगरूळपीरचं पिण्याचं पाणी मोतसावंगा धरणातून येतं. धरणाच्या पाणलोटातल्या शेतांवर काय फवारलं जातं याची नोंद ठेवावी आणि वर्षातून ठरावीक वेळा पाण्यातल्या कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी करून निकाल फलकावर लावावा, ही मागणी नगर परिषदेकडे आहे.

११. कृषी केंद्रांबद्दल रागाने बोलून उपयोग नाही, कारण संध्याकाळी सात वाजता शेतकऱ्याला सल्ला मिळतो तो तिथेच. कृषी सहायकाकडे गावं अनेक आणि कामं त्याहून अनेक. पान हातात घेऊन आलेल्या माणसाला दुकानदार पाच मिनिटांत औषध देतो. त्याच्याकडे भिंग नसेल तर तो काय करणार?

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. तालुक्यातल्या प्रत्येक कृषी केंद्रात दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मित्रकोळी-कीडकोळी शेजारी-शेजारी दाखवणारा मोठा फोटो लावावा. दुकानदारांसाठी 'देसी' नावाचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम हैदराबादच्या मॅनेज संस्थेतर्फे चालतो. आपल्या जिल्ह्यातल्या तुकड्यांना त्यात एक दिवस बागेत नेऊन कोळी ओळखायला शिकवावं. आणि जी औषधं परभक्षी कोळ्यांना सगळ्यात घातक आहेत त्यांची अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने प्रमाणित केलेली यादी मराठीत, मोठ्या अक्षरात, दुकानाच्या गल्ल्याजवळ लावावी. विक्रीवर बंदी नको. गिऱ्हाईकाला माहिती हवी.

१२. धूळ. हा मुद्दा सार्वजनिक बांधकाम विभागाचा.

पानावर धुळीचा थर बसला की रसशोषक कोळी वाढतो आणि परभक्षी कोळ्याला फिरणं, शिकार करणं कठीण होतं. रस्त्याकडेच्या झाडांच्या ओळी आधी पांढऱ्या का पडतात याचं एक मोठं कारण हे आहे. समृद्धी महामार्गाचं काम चालू असताना मुरूम-गिट्टीच्या गाड्यांनी बागांची काय दशा केली ते या पट्ट्याने पाहिलं आहे. महामार्ग झाला, पण कच्चे जोडरस्ते, पांदण रस्ते आणि गिट्टी खदानी आहेतच. बागेलगतच्या रस्त्याचं काम देताना रोज पाणी मारण्याची अट निविदेत असावी आणि ती पाळली जाते का हे ग्रामपंचायतीने पाहावं. यात नवं तंत्रज्ञान काही नाही, एक टँकर लागतो.

१३. बाग आरशासारखी स्वच्छ ठेवण्याचा हट्ट सोडावा लागेल. रोटाव्हेटर आणि तणनाशक यांनी झाडाखालची जमीन उघडी केली की मित्रकोळ्याचं उन्हाळ्यातलं घर आणि परागकणांचं अन्न दोन्ही जातं. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात लिंबूवर्गीय बागांत ओसाडीचं तण मुद्दाम वाढू दिलं आणि त्याच्या परागकणांवर परभक्षी कोळी टिकून लाल कोळी दबला, हा प्रयोग कीटकशास्त्रात प्रसिद्ध आहे. आपण ओसाडीच लावावी असं नाही. एकाआड एक ओळीतलं गवत उभं ठेवून आलटून पालटून कापणं आजही करता येईल. गाजरगवताला मात्र यात थारा नाही. प्रयोगशाळांत परभक्षी कोळ्यांना एरंडाचे परागकण खाऊ घालतात, म्हणून धुऱ्यावर एरंडी लावावी असं सुचतं. पण एरंडावर पानकोळीही येतो, त्यामुळे विद्यापीठाने आपल्या मातीत दोन हंगाम चाचणी घेतल्याशिवाय तशी शिफारस कुणी करू नये.

१४. तालुक्याला स्वतःचं मित्रकोळी केंद्र हवं.

पद्धत गुंतागुंतीची नाही, शिस्तीची आहे. एका शेडनेटमध्ये घेवड्याची स्वच्छ रोपं वाढवायची. दुसऱ्यात त्या रोपांवर लाल कोळी सोडायचा. तो पुरेसा वाढला की ती रोपं तिसऱ्यात नेऊन त्यांवर परभक्षी कोळी सोडायचे, आणि काही दिवसांनी कोळ्यांनी भरलेली पानं तोडून बागेत झाडांवर ठेवायची. तिन्ही जागा एकमेकींपासून दूर ठेवणं, एका जागेतले कपडे-हात दुसरीकडे न नेणं, रोज भिंगाखाली मोजणं, एवढं सांभाळलं तर काम चालतं. बचत गटांच्या महिलांना हे काम सहज पेलेल. शेकडो अंडी मोजण्याची चिकाटी आणि रोजची नियमितता त्यांच्याकडे आहे, आणि त्याचे पैसे त्यांना मिळायला हवेत.

सुरुवातीचे कोळी आपल्याच बागांतून गोळा करून, जात ओळखून घ्यावेत. ओळखीचं काम अकोल्याचं विद्यापीठ करू शकतं. त्याला मित्रकीटकांच्या ट्रायकोकार्डचा अनुभव आहे. गरज पडली तर बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आहेच. करड्याचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातलंच. कायद्याची अडचण मोठी नाही: बुरशी-जीवाणूंच्या औषधांना कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, भक्षक कीटक-कोळ्यांना ती अट नाही. पण म्हणूनच दर्जाची जबाबदारी आपल्यावर येते. मेलेले कोळी किंवा नुसता कीडकोळी भरलेली पानं विकली गेली, तर एका हंगामात लोकांचा विश्वास उडेल आणि तो परत मिळणार नाही. प्रत्येक खेपेची नमुना-तपासणी तिसऱ्या माणसाने करावी.

पैशाचा प्रश्न येईल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण पोकरा म्हणतो, वाशीम जिल्ह्यात आहे. शेतीशाळा त्यातूनच चालल्या. शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. एका शेडनेट-समूहाला लागणारा पैसा हा तालुक्यात दरवर्षी कोळीनाशकांवर जाणाऱ्या पैशापुढे फार नसावा. हा हिशेब तालुका कृषी कार्यालयाने काढून जाहीर करावा, म्हणजे वाद आकड्यांवर होईल.

१५. पहिल्या हंगामात तोटा होऊ शकतो. हे लपवून ठेवणारा माणूस शेतकऱ्याचा मित्र नाही.

वर्षानुवर्षं औषधावर राहिलेल्या बागेत परभक्षी कोळी परत यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात काही फळांवर लाल्या दिसेल. तो भार एकट्या बागवानाने का सोसावा? बाजार समितीने व्यापाऱ्यांबरोबर बसून सालीवर किरकोळ डाग असलेल्या फळाची वेगळी प्रत ठरवावी आणि तिला किमान भाव लावावा. आतलं फळ चांगलं असतं, रसासाठी ते पूर्ण चालतं. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून विदर्भातल्या संत्र्याला देशातलं गिऱ्हाईक शोधणं भाग आहे. त्या गिऱ्हाइकाला कमी औषधाचं फळ म्हणून ते विकता येतं, पण त्यासाठी तपासणीचा दाखला लागेल, नुसतं तोंडी सांगून भागणार नाही.

१६. आता करायचं ते.

१ मेच्या ग्रामसभेत संत्रा पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने ठराव घ्यावा. त्यात एवढं असावं: सलग बागांचे गट पाडणं; प्रत्येक गटात भिंग वापरायला शिकलेली दोन माणसं, त्यातली एक बाई; पावसाळाभर दर आठवड्याला ठरलेल्या झाडांवरची फळं आणि पानं पाहून कीडकोळी आणि मित्रकोळी दोन्हींची नोंद; ती नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर; आणि नोंद पाहिल्याशिवाय गटात कुणीही सायपरमेथ्रिनच्या कुळातलं औषध न मारणं. कृषी विभागाच्या क्रॉपसॅप योजनेतून किडींचं सर्वेक्षण २००९ पासून चालू आहेच, मित्रकोळ्यांची मोजणीही त्यात तितक्याच नेमाने व्हावी अशी मागणी ठरावासोबत जोडावी. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला बागेत न्यावं. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, आणि पळणारा कोळी त्यांना पटकन सापडतो.

ठरावाच्या प्रती तालुका कृषी अधिकारी, बाजार समितीचे सभापती, नगर परिषदेचे मुख्याधिकारी, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि गावातलं प्रत्येक कृषी केंद्र यांना पोचत्या कराव्यात. त्यांच्याकडून आलेली लेखी उत्तरं १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांची नावंही.